सारसाचं घरटं आम्ही सरकवलं

रोवणीच्या दिवशी बाया ओळीने वाकल्या की माझे सासरे धानाच्या बांधीच्या मधोमध जाऊन उभे राहायचे आणि दोन्ही हात पसरून सांगायचे, एवढी जागा सोडा. दोन खाटा मावतील एवढी ती जागा. तिथे धानाचं एकही रोप लावायचं नाही. बाया हसायच्या. बुढ्याचे व्याही कधी येणार, त्यांच्यासाठी गादी हवी की चटई, असं काहीबाही विचारायच्या. सासरे गालातल्या गालात तंबाखू सरकवायचे. त्यांना ती थट्टा आवडायची हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

हे व्याही म्हणजे सारसांची जोडी. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लाल डोकं. नर आणि मादी एकमेकांना सोडून फार लांब जात नाहीत. रोवणी आटोपली, पाणी स्थिरावलं की ते आमच्या बांधीत यायचे, सोडलेल्या जागेत गवताचा आणि धानाच्या रोपांचा ढीग रचायचे आणि मादी त्यावर दोन अंडी घालायची. पूर्वी या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक तलावावर एक जोडी असायची म्हणे. आता आजूबाजूच्या गावांत आमचीच काय ती उरली होती.

सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीने मामाजी म्हणते. ते पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत, सही करत नाहीत, अंगठा लावतात. सिहोऱ्याच्या बाजूला आमची शेती आहे, ती फार नाही. त्यातली ही बांधी, म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातलेलं धानाचं खाचर, गावतलावाच्या वरच्या अंगाला आहे. शेवटच्या धुऱ्यापलीकडे तलावाची उथळ सरकारी जागा सुरू होते. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं, उन्हाळ्यात भेगा पडतात. घरचं सगळं वर्ष त्या एका बांधीवर चालतं, असं म्हटलं तरी चालेल. माझा पगार येतो तो मुलीच्या कॉलेजात जातो, आणि मामाजी त्याला शेतीतलं उत्पन्न समजत नाहीत.

सारस कुणालाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. कुत्रं दिसलं की नर पंख पसरून अंगावर जायचा. माझ्या नवऱ्याला त्याने एकदा पार धुऱ्यावरून खाली उतरवलं होतं. मामाजी मात्र हातभर अंतरावर जाऊन उभे राहत. मादी बसल्या जागेवरून त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. ते तिला बाई म्हणत. मलाही बाईच म्हणतात. कुणाशी बोलताहेत हे आवाजावरून ओळखावं लागे, आणि खरं सांगायचं तर तिच्याशी बोलताना आवाज जास्त मऊ असायचा.

गेल्या पावसाळ्यात अंडी दिसल्यावर चार दिवसांनी वनखात्याची गाडी आली. साहेब गाडीतच बसले. उतरली ती नवी वनरक्षक, तुमसरकडची पोरगी, बोलायला आमच्यासारखीच. तिने लांबून फोटो काढले, अंडी मोजली, धुऱ्यावर बांबूची काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं. मग वही काढली आणि मामाजींना गट नंबर विचारला. मामाजींनी तेवढ्यावर न थांबता मला घरी पाठवून सातबाराच मागवला. जिल्ह्यात कुणाकडे नाही ते आपल्याकडे आहे, हा त्यांचा तोरा. पोरीने सातबाऱ्यावरचं नाव, गट, क्षेत्र सगळं उतरवून घेतलं, मान वाकवून नमस्कार केला आणि गाडी निघून गेली.

मी तिथेच उभी होते आणि त्या वहीवरून माझी नजर हटत नव्हती. त्याचं कारण माझं माहेर. आसगावच्या पलीकडे, नदीकाठी होतं. धरणाच्या पाण्यात गेलं. तिथेही आधी वही घेतलेली माणसंच आली होती. त्यांनीही काठ्या रोवल्या होत्या आणि त्यांना लाल फडकी बांधली होती. तीही गोड बोलणारीच होती. माझ्या वडिलांनी त्यांना ओसरीवर चहा पाजला आणि पेटीतून सातबारा काढून असाच तोऱ्यात दाखवला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या विहिरीची कड दिसते असं ऐकते. मी बघायला गेलेली नाही आणि जाणारही नाही.

दहा-बारा दिवसांत ग्रामपंचायतीत कागद आला. संकटात सापडलेल्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी सरकारने करायचा आराखडा, त्याचा मसुदा, आणि गावकऱ्यांनी आपल्या हरकती व सूचना कळवाव्यात अशी विनंती. मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून ग्रामसभेत तो वाचायचं काम माझ्याकडे आलं. शाळेच्याच व्हरांड्यात लोक बसले होते. मी एकेक कलम वाचत गेले. घरट्याला हात लावू नये, तो गुन्हा आहे. पिल्लं उडेपर्यंत जवळपास विषारी फवारणी टाळावी. ज्या शेतात घरटं आहे त्या शेतकऱ्याचा सन्मान करावा. जिथे घरटी आहेत त्या तलावांची यादी करावी. जमीन घेण्याबद्दल एक ओळही नव्हती.

वाचून झाल्यावर आमचा धुरकरी उठला. धुरकरी म्हणजे ज्याचा आणि आपला धुरा एक, तो शेजारचा शेतकरी. मामाजींचा आणि त्याचा बैलांपासून बियाण्यापर्यंत चाळीस वर्षांचा देवाणघेवाणीचा संबंध. दोघांचा मिळून एकच नांगर होता असा काळ त्यांनी पाहिलेला. तो म्हणाला, "बाई, बाकी राहू द्या. जिमीन जाईन का नाई जाईन, येवढंच सांगा."

नाही, असं मी म्हणायला हवं होतं. कागदात नव्हतंच ते. पण माझी जीभ सरळ राहील तर ना. मी म्हणाले, घेऊ असं यात लिहिलेलं नाही, आणि घेणार नाही असंही लिहिलेलं नाही. आमच्या माहेरच्या पहिल्या कागदातही लिहिलेलं नव्हतं. यातला प्रत्येक शब्द खरा होता. व्हरांड्यातले सगळे मामाजींकडे बघायला लागले. ते भिंतीला टेकून तंबाखू मळत होते, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वनरक्षक पोरगी उठली आणि तिने परोपरीने सांगितलं की कुणाचीही जमीन जात नाही. हे लिहून द्या, असं दोघा-तिघांनी म्हटल्यावर ती म्हणाली, मी लहान माणूस, मी कसं लिहून देणार? त्याने उलटाच परिणाम झाला. मग जंगलाकडच्या गावांच्या गोष्टी निघाल्या: तिकडे गुरं चारता येत नाहीत, मोहफुलं वेचायला गेलं तर पावती फाडतात, विहिरीवर मोटर बसवायची तर चार कचेऱ्या फिराव्या लागतात. ती म्हणाली, अहो, तिकडे वाघ आहे, हा साधा पक्षी. मागून कुणीतरी बसूनच म्हणालं की वाघही आधी एकच होता.

त्याच दिवशी हरकतीचा अर्ज लिहिला गेला. अक्षर माझंच. खाली सह्यांना दोन पानं लागली. नवऱ्याने सही केली, मी सरकारी नोकरीत म्हणून केली नाही. मामाजींपुढे शाईचा डबा धरला तेव्हा त्यांनी विचारलं, कशाबद्दल आहे. सांगितल्यावर ते उठले आणि चप्पल शोधायला लागले. अंगठा त्यांनी लावला नाही. गावाने ते पाहिलं.

पुढचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत काहीच घडलं नाही आणि तरी रोज घरी येताना मी आधी बांधीकडे बघून घ्यायची. निंदणाला सांगितलेल्या बाया आल्या नाहीत. त्यांच्यातल्या एकीने हापशावर मला सरळ सांगून टाकलं की तुमच्या बांधीत ते पक्षी असेपर्यंत कुणी उतरणार नाही. किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. शाळेतली मुलं मात्र खुल्या मनाची. एकीने वर्गात विचारलं, बाई, तुमच्यामुळे आमचा तलाव जाणार आहे का? मी तिला पाढे म्हणायला लावले.

मग एका सकाळी धुरकरी आमच्या ओसरीवर येऊन बसला. चहा नको म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नको म्हणाला. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "काका, कुत्रे हायेत, घारी हायेत. फवारनीचे दिवस हायेत. कोनाचं काय सांगता येते."

तो गेल्यावर मामाजींनी विचारलं, हा असं काहून म्हणून गेला? मी म्हटलं, सहज. त्याला काय म्हणायचं होतं ते मला सगळं कळलं होतं, पण ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती. दोन दिवसांनी आमच्या धुऱ्यावर तीन बगळे मरून पडलेले दिसले. जखम नाही, रक्त नाही. पाय आखडलेले. जवळच चिखलात भिजलेल्या तांदळाचे दाणे होते, आणि ते औषध लावल्यासारखे निळसर दिसत होते. मामाजींनी खड्डा खणून बगळे पुरले, दाणे एकेक वेचून त्याच खड्ड्यात टाकले आणि त्या दिवसापासून ते जेवायलाही घरी येईनासे झाले. डबा शेतावर पाठवावा लागे.

आता माझी करामत सांगते. आमच्या अंगणात कोंबड्या आहेत. कोंबडी खुडूक होऊन अडचणीच्या जागी अंड्यांवर बसली की तिची टोपली एकदम उचलायची नाही, ती अंडी सोडते. टोपली रोज हातभर सरकवायची. कोंबडीला कळतही नाही. आठ दिवसांत चुलीपाशी बसलेली कोंबडी अंगणाच्या कोपऱ्यात जाते. हे मी आईकडे शिकले आणि सासरी पन्नासदा तरी केलं. बगळे पुरले त्या दुपारी टोपलीकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं की घरटंही तसंच सरकवता येईल. धुऱ्यापलीकडे तलावाची जागा. तिथे गेलं की गट नंबर आपला नाही. सरकारचा पक्षी सरकारच्या जागेत. गावाचा राग उतरेल, विष टाकायला कुणाला कारण उरणार नाही, बांधी वाचेल आणि अंडीही वाचतील. इतकं सरळ वाटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच मला नवल वाटलं.

मी नवऱ्याला सांगितलं, त्याने धुरकऱ्याला सांगितलं. धुरकरी बगळे मेल्यापासून तोंड चुकवत होता. तो लगेच तयार झाला, इतका लगेच की मला तेव्हाच काही शंका यायला हवी होती. पण घरट्याजवळ जाणार कोण? सारस जवळ येऊ देत ते एकाच माणसाला. तेव्हा मामाजींचं मन वळवणं माझ्याकडे आलं.

दुपारचा डबा घेऊन मी शेतावर गेले. त्यांचं खाणं होईपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "थे कोंबडी नोहे, बाई."

मी वाद घातला. पक्षी तो पक्षी, अंडं ते अंडं. बगळ्यांची आठवण दिली. त्यांनी मान हलवली नाही. मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते. मी म्हणाले, "मामाजी, माहं माहेर गेलं. आता हे गेलं त मी कुठं जाऊ?" आणि रडायला लागले. ते रडणं खोटं नव्हतं. भीती खरोखर होती, आजही आहे. पण त्या रडण्याने काय होणार हे मला ठाऊक होतं, हेही तितकंच खरं. त्यांनी डबा बंद केला, हात धुतले आणि विचारलं, बांबूचा तट्टा कुठे आहे.

वनरक्षक एरवी दोन दिवसांआड सकाळी येऊन लांबून बघून जायची. त्या आठवड्यात ती खात्याच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेली होती. तेवढे सहा-सात दिवस आमच्या हातात होते. घरी धान वाळवायचा बांबूचा मोठा तट्टा होता. मामाजी चिखलात उतरले, मादीशी हळू बोलत तिच्या जवळ गेले. ती उठली, चार पावलं बाजूला झाली आणि बघत उभी राहिली. नरही उभा राहिला. मामाजींनी तट्टा ढिगाखाली थोडा थोडा करत सरकवला, त्याच्या दोन टोकांना दोर बांधले आणि धुऱ्यावरून माझ्या नवऱ्याने आणि धुरकऱ्याने ओढलं. चिखल असल्याने ढीग घसरत आला. दिवसाला दहा-बारा पावलं, बस. मी मधल्या सुट्टीत यायची आणि कुणी येतंय का ते बघायला विळा घेऊन धुऱ्यावर गवत कापत बसायची. हजेरीपटावर मी शाळेत होते.

पहिल्या दिवशी मादी परत येऊन बसली तेव्हा मी तोंडावर पदर धरून हसले. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पंचायत समितीची सभापती झाले. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी बसायला जरा वेळ लावला. मामाजी म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, अर्ध्यावर सोडलं तर कुठलंच होणार नाही. चौथ्या दिवशी ती अंड्यांभोवती फिरत राहिली आणि संध्याकाळी बसली. मागे वळून बघितलं तर जुन्या जागेपासून आडव्या पडलेल्या धानाचा एक लांब पट्टा तयार झाला होता. तो आम्हा चौघांनाही दिसत होता. एक घार रोज त्या वेळी विजेच्या खांबावर येऊन बसायला लागली होती.

पाचव्या दिवशी धुरा फोडला, ढीग पलीकडे घेतला आणि धुरा पुन्हा बांधला. लाल फडक्याची काठी नवऱ्याने उपटून नव्या जागी रोवली. धुरकऱ्याने हात धुतले आणि मामाजींच्या पाया पडला. आता सगळं नीट होईल काका, असं म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. बगळे कुणी मारले ते त्या एका क्षणात मला कळून चुकलं, मामाजींनाही कळलं असणार.

सारस धुऱ्यापर्यंत आले. तिथे थांबले. अंडी तिकडे चार पावलांवर दिसत होती. नराने मान उंच करून हाक दिली, मादीने दिली, आणि दोघंही मागे वळून चिखलातून चालत बांधीच्या मधोमध, जिथे मामाजींनी रोवणीला जागा सोडली होती तिथे गेले. तिथे आता नुसतं पाणी होतं. मादीने त्या पाण्याकडे बघितलं, पाय दुमडले आणि बसली. मी शाळेत परत जायची विसरले. ती बसून राहिली. खाली काही नव्हतं आणि ती बसून राहिली.

मामाजी म्हणाले, आत्ताच्या आत्ता परत न्या. नवरा म्हणाला, धुरा पुन्हा फोडला तर पाणी जाईल. धुरकरी म्हणाला, सवय व्हायला वेळ लागतो. मग तिघांनी माझ्याकडे बघितलं, कारण युक्ती माझी होती. मी म्हणाले, एक दिवस बघू. कोंबडीही कधी कधी एक दिवस घेते. मामाजी धुऱ्यावर बसले आणि तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं आणि भादव्याचं ऊन चटके देत होतं. मधल्या सुट्टीत गेले तेव्हा एक अंडं नव्हतं. ढिगाच्या कडेला कवचाचे तुकडे होते आणि खांबावर घार नव्हती. दुसरं अंडं मामाजींनी दोन्ही हातांत धरलं होतं. मी विचारलं, गरम आहे का? ते म्हणाले, उन्हाचं आहे. त्यांनी ते परत ठेवलं, वर थोडं ओलं गवत टाकलं. सारस अजून मधोमधच होते. मादी उठून फिरायची आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसायची. मला वाटलं, आता हिने मान वर करून माझ्याकडे बघू नये. तिने बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. वनरक्षक प्रशिक्षणाहून परतली होती. तिने धुऱ्याखाली स्कूटी लावली, काठी नव्या जागी बघितली आणि तिचा चेहरा आधी उजळला. तिला वाटलं, पक्ष्यांनी स्वतःच तलावात नवं घरटं केलं. म्हणाली, बाबा, हे तर फार मोठं झालं, आता हा तलाव यादीत नक्की. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिची नजर बांधीकडे वळली. पट्ट्यातलं धान पुन्हा उभं राहिलं नव्हतं. ती त्या पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली, मग सारसांकडे, मग ढिगाकडे. फोटो काढायला घेतलेला फोन तिने खिशात ठेवला. धुरकरी त्याच्या बांधीत होता, तो पाठ फिरवून गावाकडे निघून गेला.

तिने विचारलं, हे कुणी केलं? मामाजी उठले. गुडघ्यांवर हात ठेवून उठायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला बोलायला होता.

"म्या सरकवलं," मामाजी म्हणाले.

ती धुऱ्यावरच बसली. रडवेली झाली होती. म्हणाली की बाबा, मी बघितलंच नाही असं मला करता येणार नाही, प्रशिक्षणाला जाण्याआधीच वरच्यांना फोटो पाठवलेत, काठीची जागा त्यांच्याकडे आहे. मामाजी तिला म्हणाले, "लिव ना, माय. खरं हाय थे लिव." तिने पिशवीतून कागद काढले. विचारलं, सोबत कोण होतं? म्हातारा माणूस एकटा एवढा ढीग ओढू शकत नाही हे तिला दिसत होतं. तट्ट्याला अजून दोन दोर होते.

मामाजी म्हणाले, "कोनी नाई. येकटाच होतो. पोरगा बजारात होता. सून त दिवसभर शाळेत राह्यते, तिले काय मालूम?"

मी तिथे होते, हातात त्यांच्यासाठी आणलेल्या पाण्याचा पेला होता. माझ्या डोक्यात तेव्हा काय काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. सरकारी नोकरी. चौकशी. निलंबन. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. हजेरीपट. आणि हेही की म्हाताऱ्या माणसाला कुणी काही करत नाही. नवरा जमिनीकडे बघत होता. मी पेला मामाजींच्या हातात दिला. ते पाणी प्यायले.

त्या पोरीने मान खाली घालून लिहिलं. पुढे काय होईल ते अजूनही माहीत नाही. बोलावणं येईल, एवढंच सांगितलं गेलं आहे. आराखडा पक्का झाल्याचा कागद आलेला नाही. तलाव यादीत आहे की नाही हेही कुणी सांगत नाही. गाव पुन्हा आमच्याशी बोलतं, धुरकरी तर दुपटीने बोलतो. या वर्षीच्या रोवणीला मामाजी शेतावर आले नाहीत, आणि बायांनी बांधी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत भरून टाकली.

त्या रविवारी जबाब लिहून झाल्यावर तिने मामाजींचा अंगठा घेतला. खाली साक्षीदाराची जागा होती. तिने गावात फोन केला, दोघांना विचारलं, कुणीच यायला तयार झालं नाही. मग तिने कागद माझ्याकडे केला. घरच्याची सही खरं तर चालत नाही म्हणाली, पण तुम्ही सरकारी नोकरीत आहात, आणि तुम्ही तर तेव्हा शाळेत होत्या. मी मामाजींकडे बघितलं. त्यांनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि मला सांगितलं की कर, बाई, तिला उशीर होतो आहे.

अंगठ्याखाली छापील ओळ होती: हा जबाब कोणाच्याही सांगण्यावरून अथवा दबावाखाली दिलेला नाही. मी ती वाचली. तिच्याखाली पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली सहायक शिक्षिका, आणि सही केली.